संकल्पाआधी विचारा, सकाळी हात थरथरतात का?

प्रति,
लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी भागातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि सगळे कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

मला आमच्या चाळीत सगळे सिस्टर म्हणतात. पालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमची वर्गणीची पावती मी कधी परत पाठवलेली नाही, आणि विसर्जनाच्या दिवशी चक्कर आलेल्यांना ओआरएस पाजायला नाक्यावर खुर्ची टाकून बसणारी बाई मीच. ही ओळख एवढ्यासाठी दिली, की पुढचं वाचून कुणी मला देवाधर्माच्या विरोधात बसवू नये. दारूच्या बाजूचीही मी नाही. दारूने माझा सख्खा दीर गेला.

विषय तुमच्या श्रावणातल्या कार्यक्रमाचा आहे. गटारी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या कार्यालयात जमायचं, नारळावर हात ठेवून दारू सोडल्याचा संकल्प करायचा, आरती, फोटो, आणि तो फोटो चौकातल्या बॅनरवर. हेतू चांगला आहे, त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. रविवारी मित्रांबरोबर दोन पेग मारणारा माणूस महिनाभर थांबला तर त्याला काही होत नाही, झाला तर फायदाच होतो. पण ज्याचा दिवसच दारूने उजाडतो, त्याला तुम्ही त्याच रांगेत उभं करता. त्याची दारू एका रात्रीत बंद झाली तर तो मरू शकतो. वाढवून-चढवून लिहीत नाहीये, ज्यांनी वॉर्ड पाहिलाय त्यांना विचारा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. समोरच्या खोलीतल्या भाऊजींनी असाच संकल्प केला. मंडळाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. भाऊजी ५४ वर्षांचे, छापखान्यात बाइंडर. सकाळी तोंड धुण्याआधी एक नाइंटी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक, घरी येताना क्वार्टर. भांडण नाही, शिवीगाळ नाही, कामावर खाडा नाही, म्हणून चाळीत सगळे 'तसा सज्जन माणूस' असंच म्हणायचे. गटारीच्या रात्री साडेअकराला शेवटचा ग्लास रिकामा केला. सकाळी आठला आरती. तीर्थ घेताना त्यांच्या तळव्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पळी धरलेल्या पोराने पुन्हा घातलं, तेही सांडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "देवापुढे आलं की अंग थरथरतंच."

शेवटचा घोट घेऊन साडेआठ तास झाले होते. पुस्तकात जी वेळ दिली आहे, बरोब्बर त्या वेळेला ते हात थरथरत होते.

मी त्या आठवड्यात लेकीकडे डोंबिवलीला होते. पुढचं वहिनींच्या तोंडून ऐकलेलं. दिवसभर जेवण गेलं नाही, दोनदा उलटी झाली, बनियन पिळावं एवढा घाम, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुणी लिंबूपाणी आणलं, कुणी ताक. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं तेव्हा भाऊजी बादली घेऊन नळावर गेले आणि तिथेच फिट येऊन पडले. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. एकाने नाकाशी चप्पल धरली, एकाने मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, तिसऱ्याने दातांत स्टीलचा चमचा घातला. चमच्याने पुढचा दात अर्धा तुटला. फिट दोनेक मिनिटांत आपोआप थांबली, बहुतेक फिट तशाच थांबतात. श्रेय चपलेला मिळालं.

संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. अशक्तपणा आहे असं ठरलं, ग्लुकोजची बाटली चढवली आणि घरी पाठवलं. दारू किती, शेवटची कधी, हे तिथे कुणी विचारलं नाही. वहिनींनीही सांगितलं नाही. श्रावणात, संकल्प केलेल्या माणसाच्या बाबतीत दारूचं नाव कशाला काढायचं, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या रात्री भाऊजी उठून बसले आणि खोलीत कबुतरं शिरली म्हणून टॉवेल फिरवायला लागले. कबुतर एकही नव्हतं. मग चादरीचं टोक धरून घडी घालायला बसले. घडी, तिच्यावरून अंगठा दाबून फिरवायचा, परत घडी, परत अंगठा. बाइंडर माणूस, फर्मे मोडत होता, म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या घालत होता. बायकोला ओळखलं नाही, मालक आले का म्हणून विचारलं. गॅलरीकडे धावायला लागले तेव्हा तुमच्या पोरांनी मंडपाच्या काथ्याने त्यांना खाटेला बांधलं. कुणीतरी भगताला घेऊन आलं, लिंबू उतरवून झालं.

मी चौथ्या दिवशी सकाळी परतले. अंग भाजत होतं, नाडी १४०च्या घरात, मनगटांवर काथ्याचे वळ. बुबुळं एका जागी ठरत नव्हती. १०८ला फोन केला. गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडली, कारण आत मंडपाचे वासे येऊन पडले होते. खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेलं. ज्या पोरांनी बांधलं होतं त्यांनीच नेलं, आणि दोघं रडत होती, हेही लिहायला हवं.

आता हे काय असतं ते सांगते. मंडळातल्या माणसाला पटकन समजेल. ढोलपथक वाजत असताना शेजारच्याशी बोलायचं तर आपण ओरडतो, आणि रोज वाजत राहिलं तर तेवढ्याच वरच्या पट्टीत बोलायची सवय लागते. ढोल एकदम थांबला की आपलं किंचाळणं तेवढं उरतं. मेंदूचं तसंच होतं. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू सतत चढ्या आवाजात चालवलेला असतो. दारू तुटली की तो चढलेला आवाज एकदम उघडा पडतो. थरथर, घाम, धडधड, फिट, भास, सगळं त्यातून येतं. वॉर्डात आम्ही त्याला विड्रॉल म्हणतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत सुरू होतं, फिट येणार असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते, आणि सगळ्यात वाईट जे, ज्याला डीटी म्हणतात, ते दोन ते चार दिवसांच्या दरम्यान. माणूस भलतीकडे बोलतो, वेळ-जागा विसरतो, नसलेलं बघतो, ताप चढतो, नाडी पळते. विड्रॉलमध्ये गेलेल्या शंभरातल्या पाचेकांनाच डीटी होतो. पण उपचार न मिळालेल्यांत पूर्वी ३५ टक्क्यांपर्यंत मृत्यू नोंदलेले आहेत. वेळेवर औषध मिळालं तर तेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. म्हणजे ह्यात मरण बरंचसं टाळता येण्यासारखं आहे, माझा जीव तुटतो तो ह्याच्यासाठी.

१९८८ साली मी नवी असताना पहिला डीटी पाहिला. गिरणी संपाला सहा वर्षं उलटली होती, साळखात्यातला म्हणजे विणकाम खात्यातला कामगार, न्यूमोनिया म्हणून भरती. दोन दिवस शहाण्यासारखा पडून होता. तिसऱ्या रात्री चादरीच्या सुटलेल्या दशा बोटांत धरून एकेक धागा जोडायला लागला. जोडायचा, ओढून बघायचा, पुढचा धागा. साचा बंद पडून सहा वर्षं झाली तरी हात विसरले नव्हते. आम्हा पोरींना हसू आलं. इन्चार्ज सिस्टर हसल्या नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी त्याच्या बायकोला एवढंच विचारलं, "बाई, शेवटची कधी घेतली होती?" त्या एका प्रश्नावर अर्ध्या तासात औषध सुरू झालं आणि तो माणूस चालत घरी गेला. वहिनींनी चादरीच्या घडीचं सांगितलं तेव्हा मला तो आठवला. ३१ वर्षं मी हा प्रश्न विचारत आले, आणि माझ्या समोरच्या खोलीत तो विचारायला मी नव्हते.

म्हणून मागणं हेच आहे. संकल्पाच्या वहीत नाव लिहिताना, नारळ हातात द्यायच्या आधी, प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर नको, खरं कुणी सांगणार नाही. सकाळी उठल्यावर लागते का? न घेतल्यास हात थरथरतात का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती, भास झाले होते? मग दोन्ही हात पुढे धरायला सांगा, बोटं पसरून. शंका असेल तर बोटांवर कागद ठेवा, तो हलताना दिसेल. आमच्या तक्त्यात, ज्याला डॉक्टर सीवा म्हणतात, अशा दहा गोष्टींना गुण देतात, एकूण ६७. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. एका जरी प्रश्नाला हो आलं तर त्या माणसाने आधी डॉक्टरकडे जायचं आणि संकल्प नंतर करायचा. आठ दिवस उशिरा केलेल्या संकल्पावर गणपती रुसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि तोवर? इथे लिहिताना माझाच हात अडतो. तोवर त्याने एकदम बंद करू नये. दारूबंदीच्या पत्रात एक नर्स हे लिहिते, ह्याचा अर्थ काढणारे काढतील. पण डॉक्टरकडे पोचायला एक-दोन दिवस लागणार असतील, तर तेवढे दिवस थोडी-थोडी कमी करत जाणं हे एकदम तोडण्यापेक्षा कमी धोक्याचं. ज्याला आधीच फिट आली, ज्याला भास होताहेत, जो बरळतोय, त्याला मात्र घरी काही पाजत बसू नका. त्याला थेट रुग्णालयात न्यायचं.

न्यायचं कुठे, हा प्रश्न आपल्या भागात तरी पडू नये. केईएम पायी जाण्याच्या अंतरावर आहे, नायर आणि सायन फार लांब नाहीत, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढताना दारूचं सरळ सांगा. पोलिस येत नाहीत, कुणी रागावत नाही. रागावलं तर मला सांगा. ज्याचा त्रास हलका आहे त्याला ओपीडीतून गोळ्या देऊन घरी सोडतात, रोज डोस उतरवत पाच-सात दिवसांत बंद करतात. बहुतेक वेळा ती क्लोरडायाझेपॉक्साइड असते, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. ह्या गोळ्या केमिस्टकडून ओळखीने आणून देऊ नका. वर दारू पडली तर श्वास मंदावतो, तेही मी पाहिलंय. पूर्वी फिट किंवा डीटी झालेला, शुगर-हृदयाचा पेशंट, पोटुशी बाई, आणि ज्याच्या घरी बघायला कुणी नाही, ह्यांना भरतीच करावं लागतं. हो, बाई लिहिलं. आपल्या चाळीतल्या बायका पीत नाहीत हा समज ठेवूनच चालायचं असेल तर ठेवा, पण त्यांच्यासाठीही कुणीतरी बाईमाणूस त्या टेबलाशी बसवा.

सलाईनचं वेगळं लिहिते, कारण ते आपल्या मुंबईचं लाडकं औषध आहे. "डॉक्टर, एक बाटली लावा, ताकद येईल." रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं. ग्लुकोज जाळायला ते लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. माणूस गोंधळतो, चालताना झोकांड्या जातात, बुबुळं ठरत नाहीत. वेर्निके नावाच्या डॉक्टरने १८८१ साली हे लिहून ठेवलंय. रक्तातली साखर फार उतरली असेल तर ग्लुकोज लगेच द्यावंच लागतं, पण बरोबर थायमिनचं इंजेक्शन हवं. दवाखान्यात पेशंटबरोबर गेलेल्या कार्यकर्त्याने एवढं विचारायला काय हरकत आहे? "डॉक्टर, हे रोज घेतात, परवापासून बंद आहे, थायमिन देणार का?" डॉक्टर चिडले तरी विचारा.

फिट आली तर चप्पल, कांदा, किल्ल्या काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. आणि दारू सोडल्यावर आलेली पहिली फिट दोन मिनिटांत थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. भाऊजींच्या बाबतीत ती पहाट हातात होती.

"गेल्या श्रावणात सोडली होती की, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतील. विड्रॉल असा आहे की दर खेपेला आधीपेक्षा वाईट होऊ शकतो. श्रावण पाळायचा, गणपतीनंतर पुन्हा धरायची, मार्गशीर्षात पुन्हा सोडायची, हा आपल्याकडचा रिवाज त्या दृष्टीने फार वाईट. गेल्या वर्षी थरथर झाली, ह्या वर्षी फिट येऊ शकते.

हे सगळं चाळीपुरतं नाही, हेही जाता जाता. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकानं रातोरात बंद झाली ती मेपर्यंत. केरळ सरकारने तर विड्रॉल असलेल्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, तो तिथल्या उच्च न्यायालयाने २ एप्रिलला रोखला. आदेश बरोबर होता असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी विरोध केला तो योग्यच होता, कारण ह्यावर गोळ्या आहेत. पण निदान प्रश्न आहे हे कुणालातरी दिसलं होतं. आपल्याकडे निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद असतात. फिटचे ४८ तास आणि हे ४८ तास एकच. त्या दिवसांत तरी पोलीस कोठडीत, रेल्वे फलाटावर, हाड मोडून ऑर्थोच्या वॉर्डात पडलेल्या माणसाला कुणी विचारतं का, शेवटची कधी घेतलीस?

आणखी एक. लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात सगळ्यांनी वाचली असेल, 'न सांगता दारू सोडवा', खाली मोबाइल नंबर. मागच्या वर्षी तुमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने तशी पुडी एका बहिणीला आणून दिली, भावाच्या आमटीत टाकायला. अशा पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं दारू सोडवायचं औषध असलं तर त्यावर दारू पडल्यावर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, दारू पूर्ण उतरल्यावर. कृपा करून हा उद्योग बंद करा.

गोळ्यांनी विड्रॉल निभावतो, दारू सुटत नाही, हेही मला माहीत आहे. सुटायला पुढे महिने लागतात, तिथे तुमचं काम सुरू होतं. दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस ह्या गटाच्या सभेला पहिल्यांदा जाताना सोबत कुणीतरी लागतं. संध्याकाळी सात वाजता, गुत्त्याच्या वेळेला, कॅरमला बसवणारं कुणीतरी लागतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मन घाबरलं तर टेलीमानसची १४४१६, दोन्ही बॅनरवर टाका. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान केलं. आपल्या मंडळांना हे जमतं, हे सगळ्या मुंबईने पाहिलंय.

भाऊजी वाचले. अतिदक्षता विभागात नऊ दिवस होते. पण डोक्यातली नवी पाटी पुसली गेलीय, लिहिलेलं टिकत नाही. कोर्साकोफ म्हणतात त्याला. जुनं सगळं आठवतं, छापखान्याच्या मालकाच्या बापाचं नावसुद्धा. सकाळी काय खाल्लं ते नाही, आणि विचारलं तर बिनदिक्कत काहीतरी रचून सांगतात, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, रिकामी जागा भरून काढतात. गॅलरीत मला बघितलं की रोज विचारतात, "सिस्टर, पाऊलपूजन झालं का हो?" मी सांगते, झालं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात. चौकातल्या तुमच्या जुन्या बॅनरवर नारळ धरलेला त्यांचा फोटो अजून आहे. वहिनी त्या बाजूने जात नाहीत. तेवढा उतरवून घ्या.

यंदा गटारीच्या आधीचे चार दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, मी आमच्या चाळीखालच्या कार्यालयात बसेन. बीपीचं मशीन माझं, चिठ्ठ्या मी लिहीन, दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीच्या रांगेत उभी राहायलाही येईन. तुमच्याकडून एक टेबल, दोन खुर्च्या आणि मधे धरायला एक पडदा हवा. मंडपाचं जुनं कापड असेल तरी चालेल. आणि वासे उतरवताना ह्या वेळी गाडी आत येईल एवढी वाट ठेवा.

आपली,
सिस्टर
काळाचौकी